दुधी, शेपू आणि आंबट साय: हंगेरियन फोझेलेक घरच्या घरी

हंगेरी म्हटलं की आपल्याला गुलाश आठवतं, आणि ते बहुतेक गोमांसाचं असल्यामुळे आपल्यातली बरीच मंडळी तिथूनच परत फिरतात. पण हंगेरियन घरातलं रोजचं, साधंसुधं दुपारचं जेवण बघायचं असेल तर फोझेलेक बघावं. एखादी भाजी घ्यायची, ती थोड्या पाण्यात मऊ शिजवायची आणि आंबट सायीत मैदा कालवून त्या पाण्याला दाटपणा आणायचा. खोलगट ताटलीत वाढायचं, चमच्याने खायचं, सोबत पाव. शाळेच्या भोजनगृहात हेच, आजीकडे हेच, आणि बुडापेस्टच्या छोट्या खानावळींत दुपारच्या स्वस्त जेवणातही हेच.

या शाळांच्या भोजनगृहांनी फोझेलेकची बदनामीही भरपूर केली आहे. सावॉय कोबीच्या फोझेलेकचं नाव काढलं की तोंड वाकडं करणारी मोठी माणसं हंगेरीत सहज भेटतात. दोष कोबीचा नसतो. मोठ्या प्रमाणात करताना भाजी कमी पडते आणि भर घालायला मैदा वाढतो, मग ताटलीत जे येतं त्याला खळ म्हणावं की जेवण, हा प्रश्नच असतो. म्हणून घरी करताना एक गोष्ट धरून ठेवा: भाजी भरपूर, मैदा जेमतेम. चव भाजीची लागली पाहिजे.

आणि आपल्या सवयीचा हात आवरा. मोहरी, हिंग, हळद, निदान एक हिरवी मिरची तरी, असं वाटणारच. फोडणी पडली की दुधीची भाजी होईल, कदाचित उत्तमही होईल, पण फोझेलेक होणार नाही.

सुरुवात दुधीच्या प्रकाराने करावी असं माझं मत आहे. हंगेरीत याला तोकफोझेलेक म्हणतात आणि तो ऐन उन्हाळ्यातला पदार्थ. तिथे यासाठी फिकट हिरव्या सालीचा, लांबट, पाणीदार भोपळा वापरतात. जून-जुलैत भाजीबाजारात विक्रेते तो किसूनच पिशव्यांत भरून ठेवतात आणि शेजारी शेपूच्या जुड्या मांडतात, कारण एक घेणारा दुसरी घेणारच. बुडापेस्टच्या १८९७ सालच्या मोठ्या बाजारपेठेत गेलात तर ही जोडी दिसेल. आपला दुधी त्या भोपळ्याच्याच कुळातला आहे, आणि शिजायला, पाणी सोडायला, चव धरायला तसाच. शेपू तर आपल्या घरचाच. ज्या पदार्थाचे दोन मुख्य जिन्नस मंडईत एकाच गाळ्यावर मिळतात, त्याच्यासाठी परदेशी सामानाच्या दुकानात जायची गरज नाही.

चौघांसाठी काय लागेल

कोवळा दुधी साधारण १ किलो, मध्यम कांदा १, सूर्यफूल तेल २ मोठे चमचे, बारीक चिरलेला शेपू ३ मोठे चमचे, आंबट साय २०० ग्रॅम, मैदा २ सपाट मोठे चमचे, पांढरं व्हिनेगर २ ते ३ छोटे चमचे, साखर १ छोटा चमचा, मीठ. वाटलं तर ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड अर्धा छोटा चमचा.

जुन्या पद्धतीत तेलाऐवजी डुकराची चरबी असायची, अजूनही काही घरांत असते. तूप मात्र वापरू नका. त्याचा वास शेपूवर कुरघोडी करतो. लोणी चालेल.

कणीकही नको. कणकेने रंग करडा येतो आणि कोंड्याची खरखर जिभेला लागते. भांडं जाड बुडाचं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत किंवा साध्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आंबट पदार्थ ठेवला की रंग काळवंडतो आणि धातूची चव उतरते.

सायीचं काय करायचं

पदार्थाचा जीव इथे आहे, म्हणून जरा सविस्तर. हंगेरियन लोक तेयफोल वापरतात: दुधाच्या सायीला विरजण लावून केलेली आंबट, दाट, चमच्यावर बसणारी साय. दुकानातल्या डब्यांवर स्निग्धांश लिहिलेला असतो, नेहमीच्या वापरात १२ किंवा २० टक्के.

आता आपल्याकडे बघा. ज्या घरात अजून तूप कढवतात तिथे साय साठवतात, तिला विरजण लावतात आणि मग घुसळतात. घुसळायच्या आधी त्यातली वाटीभर बाजूला काढली की काम झालं, तेयफोलला याहून जवळचं काही मिळणार नाही. फक्त ती साय दोन-तीन दिवसांचीच असावी. आठवडाभर साठवलेल्या सायीला कडवट वास येतो, तुपात तो कढताना निघून जातो, इथे मात्र तसाच राहतो. सायीचे थर आणि गुठळ्या असतात, त्यामुळे थोडं दूध घालून रवीने नाही तर चमच्याने सारखी करा आणि गाळणीतून दाबून काढा. रवी फार फिरवलीत तर लोणी सुटेल आणि बसाल तूप कढवत.

घरी साय साठवत नसाल तर बाजारचं फ्रेश क्रीम १०० ग्रॅम आणि आंबट नसलेला घट्ट चक्का १०० ग्रॅम एकत्र फेटा. पाकिटातल्या क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो, चक्क्यात त्याहून बराच कमी, मिश्रण बरोबर मधोमध बसतं. नुसतं दही घेऊ नका. त्यात पाणी जास्त, स्निग्धांश कमी, म्हणून ते लवकर फुटतं आणि फोझेलेक कढीच्या वळणावर जातं.

आधी दुधी चाखा

दुधीचा देठाकडचा एक छोटा तुकडा कापून जिभेवर ठेवा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी टाकून द्या. कडू दुधी शिजवला तरी त्यातलं विष जात नाही, आणि त्याने उलट्या-जुलाबापासून गंभीर आजारापर्यंत काहीही होऊ शकतं. एवढ्याशा पैशांसाठी जीव धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

गोड असेल तर साल काढा, उभे दोन भाग करा, बिया जून असतील तर मधला स्पंज चमच्याने खरवडून टाका. किसायचा तो मोठ्या भोकांच्या किसणीवर, आणि दुधी आडवा धरून, म्हणजे लांब लांब काड्या पडतील. हलव्यासाठी किसतो तसा बारीक कीस केला तर शिजल्यावर लगदा होतो. तोकफोझेलेक खाताना भाजीचे तंतू जिभेला कळले पाहिजेत. हंगेरियन घरांत यासाठी वेगळी लाकडी चौकटीची किसणी असते, तिच्यातून शेवयांसारख्या पट्ट्या निघतात. विळीवर किंवा सुरीने काड्या कापायची चिकाटी असेल तर फारच छान.

किसाला १ छोटा चमचा मीठ चोळून पंधरा-वीस मिनिटं चाळणीत ठेवा. खाली वाटीभर पाणी जमेल. मग कीस हाताने हलकाच दाबा, पिळून कोरडा करू नका. पाणी काढण्याचं कारण सरळ आहे: दुधी किती पाणी सोडेल याचा अंदाज येत नाही, आणि पाणी किती ते माहीत नसेल तर मैदा किती हे ठरवता येत नाही. आधी काढून टाकलं की पुढचं प्रमाण आपल्या हातात राहतं. ते खारट पाणी कणकेत वापरा, फक्त त्या कणकेत वेगळं मीठ घालू नका.

शिजवणं

तेल मध्यम आचेवर तापवा, बारीक चिरलेला कांदा घाला आणि काचेसारखा पारदर्शक होईपर्यंत परता. पाचेक मिनिटं लागतात. लाल करायचा नाही. लाल कांद्याची गोडसर, भाजकी चव आपल्याला रश्शात हवीहवीशी वाटते, इथे ती शेपूला मारते. मिरचीपूड घालायची असेल तर आता, पण गॅस बंद करून. तापल्या तेलात ती क्षणात करपते आणि कडू होते. हंगेरियन लोक या बाबतीत फार काटेकोर आहेत, पाप्रिका पडायच्या आधी भांडं आचेवरून उतरतंच. त्यांची पाप्रिका सेगेद आणि कॉलोचा या दोन गावांची नावाजलेली, रंगाला गडद आणि तिखटपणा नावापुरता. म्हणूनच आपली ब्याडगी तिच्या जागी चालते, लवंगी किंवा तेजा अजिबात चालणार नाही. (सेगेदच्याच विद्यापीठात अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी पाप्रिकापासून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळं केलं. १९३७ साली त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. शिजवलेल्या पाप्रिकात ते जीवनसत्त्व किती उरतं, तो भाग वेगळा.) पुष्कळ घरी तोकफोझेलेकात पाप्रिका घालतच नाहीत आणि ते पांढरंशुभ्र ठेवतात. मला पांढरंच आवडतं.

आता कीस घाला, एक चमचा शेपू घाला, परतून झाकण ठेवा. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. मधे एकदा हलवा. मग २०० मिलिलिटर गरम पाणी घाला आणि उकळी येऊ द्या. कीस मऊ पण अखंड हवा: बोटांत धरून दाबला तर चिरडला जावा, नुसता उचलला तर तुटू नये.

दाटपणा: हबाराश

आंबट साय आणि मैदा कालवून केलेल्या या मिश्रणाला हबाराश म्हणतात. मोठ्या वाटीत मैदा घ्या, आधी दोनच चमचे साय घालून घट्ट गोळीबंद पेस्ट करा, गुठळी राहिली नाही याची खात्री झाली की बाकीची साय थोडी थोडी घालत सैल करा. सगळी साय एकदम ओतून त्यात मैदा भुरभुरवला की गुठळ्या पोहायला लागतात आणि मग त्या शेवटपर्यंत हरत नाहीत.

ही गार साय थेट उकळत्या भांड्यात ओतायची नाही. पळीभर गरम पाणी भांड्यातून काढून वाटीत घाला, ढवळा. पुन्हा एक पळी, पुन्हा ढवळा. वाटी बाहेरून हाताला कोमट लागली की मग आच मंद करून मिश्रण धार धरून भांड्यात सोडा, दुसऱ्या हाताने ढवळत राहा. ताकाला बेसन लावून कढी फुटू देत नाही, तेच काम इथे मैदा करतो: स्टार्च दुधातल्या प्रथिनांना एकमेकांना चिकटून दही-पाणी वेगळं होऊ देत नाही. मैद्याशिवाय नुसती साय उकळत्या भाजीत घातली तर कण कण दिसायला लागतील.

मिश्रण पडल्यावर लगेच फार काही झाल्यासारखं दिसत नाही, आणि नवशिक्याचा हात इथेच आणखी मैद्याकडे जातो. थांबा. मैदा फुगायला उकळी लागते. हळूहळू बुडबुडे येऊ द्या आणि तीन-चार मिनिटं सतत ढवळत शिजवा. आधी पाण्यावर नुसता पांढरेपणा असतो, मग कडेला दाटपणा येतो, मग बुडबुडे फुटताना जड, फटफट आवाज करतात. तेवढ्यावर चव घ्या. कच्च्या पिठाचा वास जिभेवर आला तर अजून दोन मिनिटं.

किती दाट हवं? चमचा भांड्याच्या तळावरून ओढा. रेघ उमटावी आणि आरामात भरून यावी. लगेच भरली तर ते सूप आहे, आणि रेघ तशीच राहिली तर मैदा जास्त झाला, थोडं दूध घालून सैल करा. लक्षात असू द्या की खाली उतरवल्यावर ते आणखी आळतं, म्हणून गॅसवर असताना थोडं पातळच बरं.

आंबटगोड जमवणं

गॅस बंद करा. उरलेला शेपू, साखर आणि व्हिनेगर आता घाला. हंगेरियन पाककृती बघून करणार असाल तर सावध राहा: तिथलं घरगुती व्हिनेगर बहुधा १० टक्क्यांचं असतं, आपल्याकडचं पांढरं व्हिनेगर ४ ते ५ टक्क्यांचं. त्यांचा एक चमचा म्हणजे आपले दोन-अडीच. एक चमचा घाला, ढवळा, चाखा, मग पुढचा. साय किती आंबट होती त्यावर सगळं अवलंबून आहे. आंबटपणा पहिल्या घासाला कळावा पण दात आंबू नयेत, आणि साखर गोडीसाठी नाही तर त्या आंबटाची धार बोथट करण्यापुरती. लिंबूही चालतं, पण त्याचा स्वतःचा सुवास फार बोलका. मी व्हिनेगरच वापरते.

शेपूबद्दल एक इशारा. आपला शेपू युरोपातल्या शेपूपेक्षा उग्र असतो. तिकडच्या पाककृतीत मोठी जुडी लिहिली असेल तर आपण निम्मीच घ्यावी. जाड दांडे काढून टाका, फक्त बारीक पानं घ्या. आणि ज्यांना शेपूचा वास सहन होत नाही, अशी मंडळी प्रत्येक मराठी घरात एक तरी असतेच, त्यांच्यासाठी हा पदार्थ करू नका, पुढे बटाट्याचा प्रकार दिला आहे तो करा.

झाकण ठेवून दहा मिनिटं मुरू द्या.

वर काय ठेवायचं

फोझेलेकवर जे ठेवतात त्याला फेलतेत म्हणतात. सगळ्यात सोपं म्हणजे तळलेलं अंडं, पिवळा बलक पातळ ठेवून, म्हणजे तो फोडला की भाजीत मिसळतो. मांसाहारी घरांत खिम्याचे तळलेले गोळे, ज्यांना फॉशीर्त म्हणतात, किंवा मांसाच्या रश्शाचे दोन चमचे. अंड्यात बुडवून तळलेला पावही लोकप्रिय आहे. अंडं न खाणाऱ्यांनी पनीरची जाड चकती मैदा आणि ब्रेडचा चुरा लावून तळावी. हंगेरीत पावाच्या चुऱ्यात घोळवून चीज तळतात, त्याच्या जवळ जाणारं काहीतरी होईल. भाताबरोबर खाल्लं तर कोणी अडवणार नाही, पण पावाचा तुकडा ताटलीतून फिरवण्याची मजा भाताला नाही. साधा लादीपाव किंवा कडक कवचाचा गोव्याचा उंडो घ्या, लोणी लावू नका.

इतर भाज्यांना कसं वळवायचं

दुधीचं जमलं की पुढचं अवघड नाही. बटाट्याचं करताना चौकोनी फोडी मिठाच्या पाण्यात, जेमतेम बुडतील एवढ्याच पाण्यात शिजवा आणि ते पाणी फेकू नका, त्यातला स्टार्चच निम्मं काम करतो, म्हणून मैदाही एकच चमचा पुरतो. हंगेरियन लोक यात तेजपान घालतात. त्यांचं पान वेगळ्या झाडाचं, लॉरेलचं. आपल्या तमालपत्राला दालचिनीची झाक असते, म्हणून ते घालू नका किंवा अर्धंच घाला. व्हिनेगर बटाटे शिजल्यावरच, आंबटात बटाटा लवकर मऊ होत नाही.

पालकाचं फोझेलेक लसूण आणि दुधावर करतात, सायीपेक्षा दूध जास्त, आणि बरेच जण त्यात दुधात भिजवलेला पाव कुस्करतात. ईस्टरआधीच्या गुरुवारी हिरवी भाजी खायची तिकडे प्रथा आहे, तेव्हा पालक हमखास शिजतो. ताज्या मटाराचं आपल्याकडे थंडीत करावं: मटार, थोडी साखर, दूध-मैदा, वरून पार्सली. पार्सली नसली तर काहीच घालू नका. कोथिंबिरीने तो वेगळ्याच देशात जातो.

डाळींसाठी आणि कोबीसाठी मात्र बऱ्याचदा दुसरी पद्धत वापरतात, तिचं नाव रांताश. दोन चमचे तेलात दोन चमचे मैदा मंद आचेवर फिकट बदामी भाजायचा, भांडं उतरवायचं, अर्धा चमचा पाप्रिका आणि हवा तर किसलेला लसूण घालायचा, आणि लगेच पेलाभर गार पाणी ओतून जोरात ढवळायचं. गरम मैद्यावर गार पाणी, हे विसरू नका, गरमावर गरम ओतलं तर गुठळ्या. ही सैल पेस्ट मग शिजलेल्या डाळीत. हंगेरियन मसूर आपल्यापेक्षा मोठ्या दाण्याचे असतात, पण आपले अख्खे मसूर छान चालतात. शिजवताना कुकरच्या शिट्ट्या कमी ठेवा, दाणे अखंड राहिले पाहिजेत. शेवटी चमचाभर मोहरीची युरोपियन पद्धतीची चटणी, साखर, व्हिनेगर आणि वर आंबट साय. १ जानेवारीला मसूर खाल्ले तर वर्षभर पैसा येतो अशी तिकडची समजूत, दाणे नाण्यांसारखे दिसतात म्हणून.

कोबीला ते लोक शहाजिऱ्यासारखं दिसणारं, पण वेगळ्या वासाचं विलायती जिरं घालतात. नेहमीचं जिरं घातलं तर चव पार बदलते, त्यामुळे विलायती मिळालं नाही तर सोडून द्या.

उरलेलं फोझेलेक फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चांगलं राहतं, आणि शेपू मुरल्यामुळे काहींना तेच जास्त आवडतं. ते घट्ट वडीसारखं झालेलं असेल. गरम करताना आधी दोन-तीन चमचे दूध घालून गार असतानाच सैल करा, मग मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. वाफ यायला लागली की बंद. फ्रीझरमध्ये मात्र टाकू नका, बाहेर काढल्यावर साय आणि पाणी वेगळं होतं. पुढच्या वेळेसाठी काही साठवायचंच असेल तर मीठ न लावलेला किसलेला दुधी पिशवीत भरून गोठवा, हंगेरियन दुकानांतही तो तसाच विकतात.